आमच्या गॅलरीत साखर नव्हती

"साखर आणा गं कोणीतरी, साखर!" मी ओरडत होते, आणि कोणाच्याच घरात साखर नव्हती.

माझी सून रेश्मा हिरव्या साडीत पाटावर होती. बसली होती असं म्हणवत नाही, तिच्या आईने तिला मागून धरून ठेवलं होतं. मान एका बाजूला कलली होती. कपाळावरचं कुंकू घामाने विरघळून नाकावर ओघळलं होतं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. पोटात आठव्या महिन्याचं बाळ. पुढ्यात डोहाळजेवणाचं ताट वाढलेलं, त्यातला एक घासही उचललेला नव्हता.

ओटीतलं केळं सोलून मी तिच्या तोंडात घातलं. तिला चावता येईना, घास तसाच बाहेर पडला. माझा मुलगा महेश जिना उतरून दुकानाकडे धावला. आमचा तिसरा मजला, दुकान गल्लीच्या टोकाला, आणि दुपारचं ते बंद असतं हे त्याच्या लक्षात आलं नाही. दोन बायका गॅलरीतून घरोघरी गेल्या आणि हात हलवत परत आल्या. ज्यांच्याकडे असायची ती घरं टोकाची, त्यांना कुलपं.

करी रोडच्या चाळीत दिवसाढवळ्या वाटीभर साखर मिळत नाही, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण तसं झालं होतं, आणि ते कोणाच्या वाईटपणामुळे झालं नव्हतं. सगळं प्रेमापोटी झालं होतं. कसं ते सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत. औषधांची नावं माझ्याकडे मागू नका. ज्यांच्या घरात गरोदर बाईला शुगर निघाली आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

कळलं तो दिवस

परळच्या हॉस्पिटलात रेश्माला ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं आणि थांबवून ठेवून रक्त घेतलं. महेशला सुट्टी नव्हती म्हणून मी बरोबर होते. ते पाणी इतकं गोड की पहिल्या वेळी तिने सगळं ओकून टाकलं. दुसऱ्या वेळी नाक दाबून प्यायली.

रिपोर्ट बघून डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "आजी, सुनेला शुगर आहे."

"आमच्या घरात कोणाला नाही," मी म्हटलं.

"ही गरोदरपणातली आहे. बाळंत झाल्यावर बहुतेकींची जाते. पण तोपर्यंत नीट सांभाळायची."

रेश्माने विचारलं, "बाळाला काय होईल?"

"सांभाळलंत तर घाबरायचं कारण नाही. दुर्लक्ष केलं तर बाळ फार मोठं होतं, बाळंतपण अडू शकतं."

बाळ मोठं होतं, हे ऐकलं आणि मी खुर्ची ओढून बसले.

महेशच्या आधी मला एक मुलगा झाला होता. माझं पोट बघून बायका म्हणायच्या, पैलवान येतोय. मलाही बरं वाटायचं. मी खायचे, आणि लोक आणखी आणून द्यायचे. तो अडला. बाहेर आला तेव्हा चांगला गुटगुटीत होता, पण रडला नाही. त्याचं नाव ठेवायचं राहिलं. मला शुगर होती की नव्हती ते मला माहीत नाही. कोणी तपासली नाही, आता कळायचा मार्गही नाही. यातलं काहीच मी रेश्माला तेव्हा सांगितलं नाही. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवू नये.

बसमध्ये ती रडायला लागली. "आई, मी तर गोडसुद्धा फार खात नाही हो."

"रडून शुगर उतरली असती तर डॉक्टर कशाला लागले असते?" मी म्हटलं. तिला राग आला. राग आला तर येऊ दे, रडं थांबलं.

रात्री तिच्या आईचा फोन. "आमच्या माहेरात कोणाला नाही हो ही शुगर."

"आमच्यात पण नाही. आता आहे. पुढचं बोला," मी म्हटलं. कोणाकडून आली याची चौकशी करत बसलात तर दोन्ही घरांची तोंडं वाकडी होतात आणि शुगर तिथेच राहते.

मांजराचा भात

गिरण्या चालू होत्या तेव्हा मी खाणावळ चालवायचे. गावाहून आलेली पोरं आमच्या खोलीत पंगतीला बसायची. ताट रिकामं दिसलं की मी वाढत सुटायचे. पोटभर घालणं एवढीच विद्या मला येते. आणि आता सुनेला मोजून घालायचं होतं.

हॉस्पिटलात आहार सांगणाऱ्या एक तरुण बाई होत्या. त्यांनी ताटात किती काय ते दाखवलं. अर्धं ताट भाजी, मग डाळ, मासे चालतील, चपाती, आणि भात एवढासा.

"एवढा भात आम्ही मांजराला घालतो," मी म्हटलं.

"मांजराला शुगर नाही ना, आजी," त्या म्हणाल्या.

बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. रेश्मासुद्धा हसली, रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा. त्या बाईंचं मी त्या दिवसापासून ऐकायला लागले.

तपासणीच्या दिवशी उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं, मग डबा खायचा आणि पुन्हा रक्त द्यायला थांबायचं. बाकावर सगळ्या पोटुशा, मांडीवर डबे. घोडपदेवची एक होती, तिची दुसरी वेळ. ती रेश्माला म्हणाली, "बोटाच्या मधोमध टोचू नको, कडेला टोच, कमी दुखतं." इतकं साधं, पण कोणी सांगितलं नव्हतं. असं कोणीतरी भेटतं. भेटलं की तोंड मिटून ऐकावं.

खाणं सांभाळूनही आकडा खाली येईना, तेव्हा इन्शुलिन सुरू झालं. मी आयुष्यभर मासे साफ केले, कोंबड्या सोलल्या, पण ती बारीकशी सुई हातात धरली आणि तशीच खाली ठेवली. महेश तर भिंतीकडे तोंड करून उभा. शेवटी रेश्मानेच टोचून घेतली. म्हणाली, "झालं. एवढंच तर आहे." इन्शुलिन फ्रिजच्या दारात, ताकाच्या भांड्याशेजारी ठेवायला लागलो.

घरात ताण होता. नव्हता म्हणणारे खोटं बोलतात. आकडा वर गेला की महेश पोलिसासारखा विचारायचा, "काय खाल्लंस तू?" एकदा तिने शुगर मोजायचं ते मशीन गादीवर फेकलं. "रोज माझी परीक्षा घेता तुम्ही! काय खाल्लं, काय खाल्लं! काही खाल्लं नाही मी!"

मी म्हटलं, "मह्या, उद्यापासून तू पण बोट टोचून घे. बायकोला सोबत."

त्याला वाटलं मी थट्टा करते. मी मशीन त्याच्या हातात दिलं. थोडे दिवस टोचलं त्याने, सकाळ-संध्याकाळ. मग त्याचं विचारणं आपोआप बंद झालं.

नलूचं ताट

नलू माझी भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न करून या चाळीत आलो. ती अजून मालवणीच बोलते, मुंबईने तिला बदललं नाही. चाळीत कोणी पोटुशी असली की शेजारणी ताटं पाठवतात. तिला डोहाळे, आणि ते पुरवायचा आनंद सगळ्यांना. नलू तर पहिल्या महिन्यापासून आणायची. शिरा, खरवस, नारळाच्या वड्या, गूळ घातलेले घावणे.

एक दिवस तिचं ताट मी भरलेलंच परत केलं. आमच्यात रिकामं ताटसुद्धा परत देत नाहीत, दोन दाणे साखरेचे तरी घालून देतात. भरलेलं परत देणं म्हणजे तोंडावर थप्पड.

ती गॅलरीत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "पोटुशी बायेच्या तोंडचो घास काढतस? देव बघता हा, सुमन!"

"देव बघतो, रिपोर्ट पण बघायला सांग त्याला," मी म्हटलं.

"एका वाटी शिऱ्यान काय होता?"

मग मी जवळ गेले आणि हळू म्हटलं, "नले, तुला माझा पहिला आठवतो?"

तिला आठवणारच. त्याला कापडात गुंडाळून माझ्या हातातून तिनेच घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी ती दारात उभी. "गणपतीसमोर बोललंय. पोरगी सुटेपर्यंत माझ्या घरात साखर नाय, गूळ नाय."

मी तिला सांगितलं नव्हतं असलं काही करायला. पण चाळीत एकीने नवस बोलला की दुसरीला मागे राहवत नाही. बघता बघता आमच्या बाजूच्या सगळ्या खोल्यांनी साखर सोडली. नवरे कुरकुरले आणि खाली टपरीवर जाऊन चहा प्यायला लागले. पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा. एका पाहुण्याने मला विचारलं, "काकी, या गॅलरीत सुतक आहे काय?" आमच्या घरातली साखर मी आधीच वॉचमनला देऊन टाकली होती.

रेश्माला कळलं तेव्हा तिचे डोळे भरले. म्हणाली, "माझ्यासाठी कोण करतं एवढं?"

खरं सांगते, मलाही बरं वाटलं. कोणाला वाटणार नाही?

इन्शुलिन सुरू झालं तेव्हा नर्सने बजावलं होतं, की आता शुगर एकदम खालीही जाऊ शकते. घाम आला, हातपाय कापले, बरळायला लागली, तर ताबडतोब साखर द्यायची. गिळता येत नसेल तर ओली साखर हिरड्यांना चोळायची. साखर कायम जवळ ठेवा. रेश्माने पुडी ठेवली, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. घरात कोणीच ठेवली नाही. चाळीतली माणसं आम्ही. साखर, विरजण, कढीपत्ता लागलं की हात लांब करायचा, शेजारी मिळतं. वेगळं ठेवायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. ज्यांच्या दारात हात लांब करायचा, त्यांनी साखर सोडली आहे, हा हिशोब कोणी मांडला नाही. महेशने नाही, रेश्माने नाही, मी नाही, गॅलरीतल्या एकीनेही नाही.

डोहाळजेवण

डोहाळजेवण करू नका असं डॉक्टर म्हणाल्या नव्हत्या, ताट सांभाळा म्हणाल्या होत्या. मी सांभाळलं. पुरणपोळी नाही, श्रीखंड नाही. भाकरी, मुगाची उसळ, वांग्याची भाजी, तळलेली सुरमई. दोन वाट्या पालथ्या घालून मुलगा की मुलगी ओळखायला लावतात, त्यांच्याखाली पेढा आणि बर्फी असते. मी काकडी आणि टोमॅटो ठेवला. रेश्माने वाटी उचलली, टोमॅटो निघाला. "पोरगी लालबुंद होणार!" म्हणून बायका हसल्या.

जेवायला बसायचं म्हणून तिने आत जाऊन इन्शुलिन घेतलं. ते घेतलं की जेवण लांबवायचं नसतं. ताट वाढलं. तेवढ्यात डिलाईल रोडची तिची मावशी आली, उशिरा. "ओटी भरायची राहिली माझी. ओटी भरल्याशिवाय जेवायचं नसतं गं." मग मावशीची ओटी. मग मावशीच्या सुनेची. मग फोटो. फोटो हलला, परत फोटो. एकीने ओव्या म्हटल्या. रेश्माला गरगरत होतं, पण मानाच्या बायकांसमोर ताटाला हात कसा लावायचा, म्हणून ती बसून राहिली.

मी आत स्वयंपाकघरात होते. नवरा गेल्यापासून ओटीच्या वेळी मी पुढे येत नाही. मला कोणी अडवलेलं नाही, मीच येत नाही. त्यामुळे मला ती दिसली नाही. बाहेर असते तर दिसली असती. खाणावळ चालवणाऱ्या बाईला भुकेलं तोंड लांबूनही कळतं.

तिच्या आईची किंकाळी ऐकून मी बाहेर आले. पुढचं वर लिहिलं आहे.

बायका परत आल्या, रिकाम्या हाताने. दारात नलू उभी होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही. तिने एकदा रेश्माकडे पाहिलं, एकदा गोळा झालेल्या बायकांकडे. त्या सगळ्यांनी तिच्या शब्दावर साखर सोडली होती.

"आसा," ती म्हणाली. "माझ्याकडे आसा."

साठी ओलांडलेली, गुडघे दुखणारी बाई धावत गेली आणि तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन आली. पिठात हात घालून तिने प्लास्टिकची पिशवी वर काढली. पिशवीत साखर.

बोलायला वेळ नव्हता. मी साखर बोटावर ओली केली, रेश्माच्या गालाच्या आत घातली, हिरड्यांना चोळली. पुन्हा घातली. मग तिने गिळलं. गिळताना दिसलं तेव्हा चमच्याने साखरेचं पाणी. जरा वेळाने ती म्हणाली, "आई, सगळे असे का बघताय?"

तिला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं. बाळाचे ठोके ऐकवले आम्हाला. घोडा धावल्यासारखे. डॉक्टरीण बाई मला ओरडल्या, रेश्माला ओरडल्या, महेशलाही ओरडल्या. बरोबरच होतं.

नलू टॅक्सीत न विचारता बसली होती. बाहेरच्या बाकावर पदराचं टोक पिळत म्हणाली, "सकाळच्या चायक नाय जमला गो माका. एकच चमचो घालतंय. नवस मी मोडलंय. पोराक काय झाला तर माझ्यामुळे."

मी म्हटलं, "नले, तू नवस पाळला असतास तर आता आपण कशासाठी इथे बसलो असतो, त्याचा विचार कर."

तिने विचार केला. मग पदरात तोंड खुपसून रडली. मी रडू दिलं. नेहमीच थांबवायला हवं असं नाही.

तरी तिच्या मनातून ते गेलं नाही. गॅलरीत मात्र त्याच संध्याकाळी प्रत्येक घरात साखर आली. महेशने आमच्या दाराच्या खुंटीला एक पुडी टांगली, येता-जाता दिसेल अशी. रेश्मा हसून म्हणाली, "आता लिंबू-मिरचीची गरज नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला माझ्या पहिल्या मुलाबद्दल सांगितलं. तिने विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "आता तू माझ्याइतकी घाबरून झालीस म्हणून." ती जवळ सरकून बसली, एवढंच.

पुढे

बाळंतपण थोडं लवकर केलं, ऑपरेशन करून. मुलगी झाली. रडली. त्या आवाजाची वाट मी किती वर्षं बघत होते ते मोजायची गरज नाही.

पण रडून झालं आणि तिला आत घेऊन गेले. तिची साखर खाली गेली होती. आईची जास्त असली की बाळाची जन्मल्यावर अशी उतरते, नर्सने समजावलं. काचेच्या पेटीत ठेवली, पायाला नळी. रेश्मा खाटेवर, तिला पोरगी नीट दिसलीही नव्हती. महेश काचेपाशी उभा राहायचा आणि येऊन बायकोला सांगायचा, "जांभई दिली. हात हलवला." एवढ्यावर ती दिवस काढायची.

नलू हॉस्पिटलात आली नाही. घरी देवासमोर बसून होती, असं कळलं. मी निरोप पाठवला, "देवाला सोड, पेज कर. डॉक्टरांना विचारलंय, बाळंतिणीला थोडी चालेल." तिने पेज करून पाठवली. हात कामाला लागले की माणूस सावरतं.

पोरीची साखर वर आली, टिकली. मग तिला रेश्माच्या कुशीत दिली. घरी आणली तेव्हा गॅलरीतल्या बायका दारात भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या, आणि नलू मागे, भिंतीला टेकून. मी पोरगी थेट तिच्या हातात दिली. "धर. तुझ्या साखरेची आहे." ती म्हणाली, "गप गो," आणि पोरीला घट्ट धरलं.

बारशाच्या दिवशी ओटी भरायची वेळ आली आणि मी आत निघाले. रेश्मा सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, तुम्ही बाहेर बसा. मला दिसतील अशा बसा." मी बसले. एकदोघींनी भुवया चढवल्या. आमच्या खोलीचं भाडं त्या भरत नाहीत.

पुढे रेश्माची परत तपासणी झाली, शुगर गेली होती. दरवर्षी तपासायची म्हणाले आहेत, ती तपासते. त्याच वेळी मी नलूलाही बोट टोचायला लावलं. तिला शुगर निघाली, बहुतेक बरीच जुनी. आता ती खरोखरच बिनसाखरेचा चहा पिते आणि नवसापेक्षा डॉक्टरला घाबरते.

माझा पहिला राहिला नाही. रेश्मा वाचली. तिची मुलगी वाचली.